पावावरचा नांगर

महाडला जागा बघायला गेलो तेव्हा मार्गशीर्ष नुकताच लागला होता. माझ्याजवळ विचारायच्या गोष्टींची यादी होती. पाणी कुठून आणायचं, कौलं शेवटची कधी चाळली, चुलीचा धूर जातो कुठे, परसात साप निघतात का. घरमालकांनी चारही प्रश्नांची सरळ उत्तरं दिली. साप निघतात, पण ओळखीचे आहेत, असं म्हणाले. मग ओटीवर उकिडवे बसले आणि म्हणाले,

"आता माझा एकच सवाल. तुमच्या घरात या वर्षी काय काय झालं?"

ह्यांना वाटलं, सोयरसुतक विचारताहेत. ते घुटमळले. मला यादी करायची सवय, म्हणून मी सांगून टाकलं. ह्यांची इथल्या शाळेत बदली झाली. बैलगाडीचं चाक मोडून आमचं सामान वाटेत दोन दिवस अडकलं. मला मुदतीचा ताप आला, केस सगळे गेले आणि आता पुन्हा आले.

त्यांनी बोटं मुडपून मोजलं. "शाळा, गाडी, केस. ब्येस. राहायला या."

तीन आठवड्यांनी, नाताळच्या आदल्या दिवशी, आमच्या दारात केळीच्या पानावर एक गोल पाव आला. वरून तांबूस, तकतकीत. मधोमध एक अख्खा अक्रोड कवचासकट दाबून बसवलेला. त्याच्या एका बाजूला कणकेचं पुस्तक, दुसऱ्या बाजूला एक चाक मोडलेली गाडी, आणि खाली लांबलचक वेणी. आमचं सबंध वर्ष त्या पावावर होतं.

आम्ही तो खाल्ला नाही. माडीवरच्या बिऱ्हाडातल्या काकूंच्या गाईला घातला.

आता हे लिहिताना लाज वाटते, पण त्या काळी विकतचं बिस्किटसुद्धा आमच्या घरी चहाच्या कपापर्यंत पोचलेलं नव्हतं. परक्या धर्माच्या सणाचा पाव, तोही अशा माणसाच्या हातचा ज्याने तीस वर्षं परक्यांच्या स्वयंपाकघरात काढलेली, तो देवघराच्या बाजूला ठेवायचा तरी कसा? दुसऱ्या दिवशी मालक विहिरीवर भेटले. म्हणाले, "वयनी, गाईनं अक्रोड सोडला असेल. तेवढा परत द्या. पुढल्या वर्षाला लागतो."

मी अक्रोड शोधून, धुऊन, परत दिला. तेव्हापासून मी त्या माणसाकडे नीट बघायला लागले.

ते मूळचे पोलादपूरच्या वरच्या अंगाचे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीतले. सोळाव्या वर्षी मुंबईला गेले आणि कापसाच्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या घरी भांडी घासायला राहिले. गावात सगळे म्हणायचे, मालक गोऱ्या साहेबाकडे होते. ते दर वेळी थांबून दुरुस्त करायचे, "गोरा होता, पन इंग्रज नव्हता. ग्रीक." समोरच्याला त्यातला फरक कळला नाही तर तो कळेपर्यंत त्याला सोडत नसत. बाजाराला निघालेली माणसं म्हणून त्यांच्या ओटीसमोरून जरा लगबगीने जायची.

साहेबांची आई म्हातारी होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, हिंदी येत नव्हतं, आणि मालकांना ग्रीक येत नव्हतं. तिने त्यांना नाताळचं सगळं भाजणं शिकवलं ते हातावर चापट्या मारून. पीठ जास्त मळलं की चापट. साखर लवकर भुरभुरली की चापट. "तिच्या चापटीत बी भाषा होती," ते सांगायचे. "एक चापट म्हंजे थांब. दोन म्हंजे आता घाल." ती गेली, पुढे कापसाचा धंदा बसला, साहेबांचं कुटुंब आपल्या देशी निघून गेलं, आणि मालक एक चिनी मातीची बरणी छातीशी धरून बोटीने दासगाव बंदरावर उतरले. बरणीत खमीर होतं. म्हातारीने लावलेलं. खिडकीतल्या कुंडीतल्या सब्जाची डहाळी पिठावर ठेवून ते तिने उठवलं होतं म्हणे. मालक त्याला रोज सकाळी मूठभर पीठ आणि कोमट पाणी घालायचे. गावाला जायचे तर बरणी काखोटीला. आपल्याकडे विरजण जपतात तसंच, असं मी म्हटलं तर त्यांना ते आवडलं नाही. "विरजण उद्या दुसऱ्याच्या घरचं मागता येतं, वयनी. हे कोनाकडं मागू?"

घरामागे त्यांनी स्वतः चिखलगोट्याची भट्टी बांधली होती. वर्षभर ती थंड. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. नोव्हेंबरच्या मध्यावर कोंबड्यांना हुसकून ती सारवली जायची आणि मालकांचा उपास सुरू व्हायचा. चाळीस दिवस. मांसमच्छी नाही, दूध-तूप नाही, अंडं नाही. म्हातारी असा उपास धरायची म्हणून मालक धरायचे. महाडात यावर बराच खल झाला. भैरवनाथाच्या पालखीला खांदा देणारा माणूस ख्रिस्तावांचे उपास करतो म्हणजे काय? मीही एकदा विचारलं. ते म्हणाले, "भूक कोनाच्या नावानं धरली ते पोटाला काय कळतंय?"

पण या उपासाने एक अडचण व्हायची. मालक तीन प्रकार करत. एक तेलातला, एक लोण्यातला आणि तिसरा पाव. तेलातल्याला ते मेलोमाकारोना म्हणायचे. रवा, कणीक, गोडेतेल, संत्र्याची साल, दालचिनी, लवंग. अंड्याएवढे लांबट गोळे भाजायचे, मधाच्या पाकात बुडवायचे, वर कुटलेले अक्रोड. मध कातकरणी बाजारात आणत, अक्रोड मुंबईहून. हा उपासाचाच पदार्थ. दुसरा कुराबिये, आपल्या नानखटाईची थोरली बहीण. म्हशीचं लोणी हाताने पांढरंफेक होईपर्यंत फेसायचं, त्यात भाजलेले बदाम, वर पिठीसाखरेचा असा थर की खाणारा खोकला तरी साखर उडावी. पण लोणी पडलं की मालकांना चाखता येत नसे. चाखायला माणूस लागायचं, आणि अख्ख्या घरात कोणी तयार नव्हतं.

दुसऱ्या वर्षी मला कळलं की ह्यांनी ते काम पत्करलंय. शाळेतून येताना परसदाराने भट्टीकडे जायचे आणि घरात शिरण्याआधी सदरा झटकायचे. एके दिवशी मिशीवर साखर राहिली. दुसऱ्या दिवशी मीच ताटली घेऊन भट्टीपाशी गेले. मला मेलोमाकारोनाच आवडले. आतून ओलसर, मधाने जड, आणि शेवटी संत्र्याची जराशी कडू चव. त्या वर्षीचा पाव आम्ही खाल्ला. काकूंनी मात्र शेवटपर्यंत हात लावला नाही.

"मालक," त्या वरून म्हणायच्या, "तुमच्या ग्रीकांना पुरणपोळी ठाऊक नव्हती, म्हणून बिचाऱ्यांवर ही पाळी."

"त्यांना तुमी पन ठाऊक नव्हता, काकू. एकंदरीत सुखी लोक."

त्यांचा एक नियम होता. पाक थंड तर भाजलेलं गरम हवं, भाजलेलं थंड तर पाक गरम. दोन्ही गरम झाले की लगदा, दोन्ही थंड राहिले तर दगड. काकू आणि त्यांचे यजमान भांडायला लागले की मालक खालून ओरडायचे, "दोघं गरम झालायसा! एकानं थंड व्हा!" भांडण तिथेच थांबायचं, कारण दोघं मिळून मालकांवर रागवायचे.

स्वतःच्या हातच्या वस्तूवर मात्र त्यांना शब्द सोसत नसे. ह्यांनी एकदा कुराबिये चाखून सहज म्हटलं, "मालक, चिमूटभर मीठ घातलं तर चव उठेल." झालं. आठ दिवस मालक ह्यांच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "मास्तर, साहेबाच्या टेबलावर तीस वर्सांत कोनी मीठ मागितलं नाय."

या सगळ्याच्या शेवटी, नाताळच्या दिवशी सकाळी, ते एक डबा आणि एक पाव फडक्यात बांधून सर्व्हिस मोटारीने पोलादपूरला जायचे आणि तिथून चालत वाडीवर. वाडीवर त्यांची बायको होती. मुलगी सासरी गेलेली. बाई वाडीतली शेती सोडून महाडला कधी आल्या नाहीत, आणि मुंबईहून परतल्यावर मालक वाडीत महिनाभर राहून खाली आले. "वर भट्टीला जागा नाय," असं ते सांगायचे. डोंगरभर जागा असलेल्या वाडीत भट्टीला जागा कशी नाही, हे मला कळेना. संध्याकाळी ते रिकामा डबा घेऊन परत येत. "आवडलं का?" मी विचारायची. "तर! पुसून खाल्लान," म्हणायचे आणि डबा घासायला बसायचे.

तिसऱ्या वर्षी भाजण्याच्या ऐन दिवसांत त्यांना हिवतापाने धरलं. मी पेज घेऊन गेले तर पांघरुणातून म्हणाले, "वयनी, खोटं बोललो मी. ती खात नाय. डबा वाडीतल्या पोरांना वाटते नि पाव बैलाला घालते. माझ्या देखत. दर वर्साला." त्यांनी पांघरूण बाजूला सारलं. "तीस वर्सं मी दुनियेला खायला घातलं. तिनं माझ्या हातचा एक घास घेतला नाय. मेलो तर एवढंच राहील."

मला अशा वेळी रडू येत नाही, काम सुचतं. मी वही काढली आणि त्या पावात बाईंना काय काय चालत नसेल याची यादी केली. अंडं. परक्या घरचं खमीर. परका सण. मग म्हटलं, "अंडं गाळू. खमिराऐवजी ताक घालू. सगळं माझ्या चुलीवर, सोवळ्यात करते. मास्तरांच्या बायकोने पाठवलंय म्हणून सांगू. नक्की खातील."

ते कुशीवर वळले. "मग ती तुमच्या हातचं खाईल. माझ्या हातचं कुठं?"

यादी मी फाडून टाकली.

ताप उतरला तसे ते उठले, भट्टी पेटवली आणि एकटे जायला निघाले. शाळेला नाताळची सुट्टी होती. मी ह्यांना म्हटलं, माणूस वाटेत पडेल, आपण जाऊ. तिघं गेलो.

वाडी म्हणजे उतारावरची आठ-दहा घरं. बाई अंगणात नाचणी पाखडत होत्या. बारीक, ताठ, हाताची बोटं मात्र पुरुषासारखी जाड. नवऱ्याकडे त्यांनी एकदा बघितलं. "ताप आलावता?" "होता." "मग कशाला आलास चढ चढून?" एवढंच बोलणं झालं. मालकांनी फडकं सोडलं. पावावर नांगर होता, बैलांची जोडी होती, आणि नांगरामागे फेटा बांधलेला एक पुरुष. फेट्याचे पीळसुद्धा काढलेले. बाईंनी तो पाव दोन्ही हातांनी उचलला, फेटेवाल्याकडे बघितलं आणि गोठ्यात जाऊन बैलापुढे ठेवला. मालक मान खाली घालून ह्यांच्याजवळ जात्याच्या दगडावर बसले.

मी बाईंच्या मागोमाग गोठ्यात गेले. हलक्या आवाजात म्हटलं, "अंडं असतं म्हणून का? की परक्या देवाचं म्हणून? अंडं गाळता येईल."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हसल्या. "काय गो बाय! आम्ही कोंबडीसुद्धा खातो, अंड्याचं काय घेऊन बसलीस? नि देवाचं म्हनशील तर देव काय पावाला चिकटून येतो?"

"मग?"

त्यांनी बैलाच्या तोंडाकडे बोट केलं. फेटेवाला अर्धा गेला होता. "ह्यो कोन?"

"मालक असतील. घरधनी म्हणून."

"नांगर कोनी धरला, ते माहीत हाय तुला?" त्या गोठ्याच्या दाराबाहेर बघून परत वळल्या. "हा सुटीवर यायचा वैशाखात. आंबे खायाचा नि पाऊस पडायच्या आधी मुंबईला. दीर होता तवर त्यानं नांगरलं. तो मेला. भाड्याचा नांगऱ्या सगळ्यांची शेतं आटपून आमच्याकडं यायचा, तवर वाफसा जायचा, पेरनीची वेळ निघून जायची. मग मीच धरला. धुकं असायचं सकाळचं, समोरचा बैल दिसायचा नाय, त्या वक्ताला, कोनी बघायच्या आत. बाईमानसानं नांगराला हात लावला तर पाऊस जातो म्हनतात. सात वर्सं धरला मी. पाऊस कधी गेला नाय."

"मालकांना माहीत नाही हे?"

"कधी विचारलान? येतो, पाव ठेवतो, ग्रीक, ग्रीक करतो. नि वर हा फेटा." त्यांनी बैलाच्या कपाळावर थाप मारली. "ह्याला माहीत हाय. म्हून ह्याला घालते. तू सांगू नको हां त्याला. वाडीत कळलं तर आजपन दंड मागतील, देवाला कोंबडं मागतील."

मी शब्द दिला. मी दिलेला शब्द पाळते, पण गप्प बसणं मला जमत नाही. खाली पोलादपुरात मोटारीची वाट बघताना मी मालकांना म्हटलं, "आम्हाला दर वर्षी विचारता ना, घरात काय काय झालं? काकूंना विचारता, मास्तरांना विचारता. वाडीवर कधी विचारलंत?"

"तिथलं मला माहीत हाय," ते म्हणाले.

"मला यादी द्या मग."

त्यांनी तोंड उघडलं. बोट मुडपायला हात वर केला. मोटार आली तेव्हाही हात तसाच होता.

पुढचा मृग लागला तसे मालक बरणी काखेत घेऊन वाडीवर गेले. सोळाव्या वर्षानंतर पेरणीच्या दिवसांत ते वर कधी नव्हते. महिनाभर राहिले. परत आले तेव्हा हातांना घट्टे होते आणि उजवा अंगठा नखासकट काळा. ओटीवर बसून ते आपण होऊन म्हणाले, "माझ्या नांगराचा तास वाकडा जातो, वयनी. तिचा सरळ." मग काळा अंगठा चोळला. "भट्टीला जागा होती वर. मलाच जागा नव्हती. सगळं माझ्याबिगर चालत होतं, नि मी पाव्हन्यासारखा येऊन पाव ठेवायचो."

डिसेंबरात आमच्या पावावर काय होतं ते आता आठवत नाही. वाडीवरच्या पावापाशी मात्र ते दोन दिवस बसले होते. बैल, नांगर, आणि नांगरामागे बाई. कासोटा घट्ट, पदर कमरेला खोचलेला, लुगड्याची प्रत्येक चुणी त्यांनी दाभणाच्या टोकाने काढली होती. भट्टीतून पाव बाहेर काढला तेव्हा म्हणाले, "झाली पंचाईत."

आम्ही पुन्हा तिघं गेलो. वाटेभर पाव डब्यात, डबा फडक्यात आणि फडकं मालकांच्या उपरण्याखाली. अंगणात कोणी नाही हे बघून त्यांनी तो पडवीत सोडला.

बाई वाकल्या. लुगड्याच्या चुण्यांवरून त्यांनी बोट फिरवलं. ह्यांनी खोकून तोंड फिरवलं. बैल गोठ्यातून हंबरला, त्याला नेहमीचा वास आला असणार.

"ही कोन?"

"तू."

"मी एवढी जाडी कधी होते रे?"

"भट्टीत फुगलीस," मालक म्हणाले. "काढली तवा बारीक होतीस. आईच्यान."

बाईंनी दाराबाहेर नजर टाकली. "वाटेत कोनी बघितलं?"

"डब्यात होतीस."

त्या उठल्या. पावाच्या कडेचे दोन्ही बैल त्यांनी अलगद मोडले आणि गोठ्याकडे गेल्या. मालकांचा चेहरा पडला. तेच चाललंय असं त्यांना वाटलं असावं, मलाही वाटलं. पण त्या नुसते बैल बैलाला देऊन परत आल्या आणि पाटावर बसल्या. नांगर मोडला, तो बाजूला ठेवला. मग नांगरामागची बाई कमरेपासून उपटून तोंडात टाकली आणि चावायला लागल्या. सावकाश, धान्य पारखतात तशा. मालक हात जोडल्यासारखे गुडघ्यांमध्ये धरून बसले होते.

त्यांनी घास गिळला.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मालकांकडे. मालकांनी नाक ओढलं, उपरण्याने तोंड पुसलं आणि घसा साफ केला.

"वयनी, वही हाय ना तुमची? काढा," ते म्हणाले. "लिवा. मीठ."